मागणीतील विस्तार आणि मागणीतील वृद्धी

एक प्रश्न आला आहे: किंमत घटली की मागणी वाढते आणि मागणी वाढली की किंमत वाढते, मग किंमत घटल्याने किंमत वाढते का? प्रश्न फार चांगला आहे. अर्थशास्त्राच्या पहिल्या वर्षी जो इथे अडखळला नाही, तो बहुधा नुसतं पाठ करतोय.

गोंधळ शब्दाचा आहे. 'मागणी वाढली' हे आपण दोन वेगळ्या गोष्टींसाठी वापरतो. वहीत लिहून बघा: मागणी = १०० − २ × किंमत, पुरवठा = ३ × किंमत. समतोल किंमत, म्हणजे जिथे मागणी आणि पुरवठा सारखे होतात ती, २०, नग ६०. किंमत १० झाली तर मागितलेले नग ८० होतील, पण मागणी वक्र, म्हणजे कुठल्या किमतीला किती नग हवेत हे दाखवणारी आलेखातली रेषा, जागचा हलला नाही. आपण त्याच रेषेवरून खाली सरकलो. हा विस्तार.

आता ग्राहकांचं उत्पन्न वाढलं आणि १०० च्या जागी १२० आले. अख्खा वक्र उजवीकडे सरकला, ही वृद्धी. 'मागणी वाढली की किंमत वाढते' यातली मागणी ती हीच. जुन्या २० या किमतीला आता ८० नग हवेत, बाजारात आहेत ६०. या तुटवड्यामुळे किंमत चढते आणि २४ वर, ७२ नगांवर थांबते. ८० चे ७२ का झाले? चढत्या किमतीने नव्या वक्रावर संकोच घडवला, म्हणजे त्याच रेषेवरून आपण वर सरकलो आणि मागितलेले नग घटले, म्हणून. एकाच उदाहरणात दोन्ही हालचाली दिसतात, म्हणून मला हे फार आवडतं.

आलेखात किंमत उभ्या अक्षावर का, असंही कुणी विचारलंय. ती अर्थशास्त्रज्ञ आल्फ्रेड मार्शलपासून रुळलेली पद्धत आहे. गणितवाल्यांना उलटी वाटते, पण सवय होते.