'माय लास्ट डचेस': ड्यूकवर विश्वास का ठेवायचा नाही?

प्रश्न (वाशी, टीवायबीए): इंग्रज कवी ब्राउनिंगच्या या कवितेत (1842) ड्यूक आपल्या गेलेल्या बायकोबद्दल, म्हणजे डचेसबद्दल, सांगतो, आणि बोलतो एकटा तोच. मग तो भरवशाचा नाही हे कशावरून दाखवायचं? नुसतं 'अविश्वासार्ह निवेदक' लिहून मार्क मिळत नाहीत.

उत्तर (नौपाडा): आधी ऐकणारा शोधा. समोर काउंटचा दूत आहे, नव्या लग्नाची बोलणी चाललीत, हुंड्याचा विषयही निघतो. मग डचेसवरचे आरोप एकेक वेचा. चेरीची फांदी, पांढरं खेचर, मावळतीचा उजेड, सगळ्यांनाच ती सारखी हसून दाद द्यायची. यात तिचा गुन्हा कुठाय? तक्रार जितकी क्षुल्लक, तितका तोच उघडा पडतो. आपण हुकूम दिले आणि तिचं हसू थांबलं, एवढंच सांगून तो दूताला खाली चलायला सांगतो. उत्तरात हीच जागा नीट उलगडा.

उत्तर (ऐरोली): छंदही बघा. 56 ओळी, 28 यमकजोड्या, पण वाक्यं ओळीअखेर थांबत नाहीत, म्हणून यमक कानाआड जातं. मोठ्याने वाचताना विरामचिन्हावरच थांबा, नाहीतर बोलण्याचा सूर जाऊन पाढे म्हटल्यासारखं होतं.

उत्तर (नौपाडा): अगदी बरोबर. आणि याला स्वगत म्हणू नका, इथे श्रोता आहे. 'खोटारडा'ही लिहू नका. त्याने सांगितलेल्या घटना खऱ्या असू शकतात, त्यांचा तो लावतो तो अर्थ आपल्याला पटत नाही.