‘वन ऑफ अस इज लाइंग’ : एवढी चांगली सुरुवात आणि अशी उकल?

धागाकर्ती

(पुढे रहस्याची उकल सांगितली आहे. ज्यांना कादंबरी वाचायची आहे, त्यांनी इथेच थांबावे.)

कॅरन मॅकमॅनस यांची ही किशोरवयीनांसाठीची कादंबरी २०१७ साली आली, खूप गाजली आणि २०२१ मध्ये तिच्यावर मालिकाही निघाली. तिची सुरुवात खरोखरच पकड घेते. कॅलिफोर्नियातल्या बेव्ह्यू हायस्कूलमध्ये पाच विद्यार्थ्यांना दप्तरात मोबाइल सापडल्याबद्दल शाळा सुटल्यावर थांबवून ठेवले जाते आणि ते मोबाइल आपले नव्हेतच, असे त्यांचे म्हणणे असते. त्यांच्यापैकी सायमन पेलाभर पाणी पितो आणि कोसळतो. त्याला शेंगदाण्याची तीव्र अ‍ॅलर्जी असते, पेल्यात शेंगदाण्याचे तेल असते आणि ऐन वेळी एपिपेन, म्हणजे अशा वेळी जीव वाचवणारे इंजेक्शन, कुठेच सापडत नाही. शाळेतल्यांची गुपिते चव्हाट्यावर आणणारे अ‍ॅप तोच चालवत असल्याने उरलेल्या चौघांवर, म्हणजे ब्रॉनविन, कूपर, अ‍ॅडी आणि नेट यांच्यावर, संशय जातो.

शेवटी कळते ते असे, की सायमनने आपला मृत्यू स्वतःच घडवून आणला होता आणि अ‍ॅडीचा प्रियकर जेक त्याला सामील होता. रहस्यकथालेखक एस. एस. व्हॅन डाइन यांनी १९२८ मध्ये रहस्यकथेचे वीस नियम मांडले. त्यांतला अठरावा नियम सांगतो, की गुन्हा म्हणून रंगवलेली घटना अखेरीस अपघात किंवा आत्महत्या निघता कामा नये. नियम मोडला म्हणून माझी तक्रार नाही. पण ब्रॉनविन, कूपर, अ‍ॅडी आणि नेट यांचे हेतू मी पानोपानी तोलून पाहिले आणि उकलीच्या क्षणी त्या तोलण्याचा काहीच उपयोग उरला नाही, याचे मला खरोखर वाईट वाटले.

पहिला प्रतिसाद

मला हे पटत नाही. व्हॅन डाइन यांचे नियम प्रौढांसाठीच्या, बुद्धिबळासारख्या कोड्यांसाठी होते. इथे खून हे निमित्त आहे. अ‍ॅडीकडे पाहा: काय घालायचे, कुणाशी बोलायचे, हे सगळे जेकच्या मर्जीने ठरवणारी ही मुलगी तो सोडून गेल्यावर त्याला आवडणारे आपले लांब केस कापून टाकते आणि मग हळूहळू स्वतःच्या डोक्याने शोध घेऊ लागते. पंधरा वर्षांच्या वाचकाला गुन्हेगाराच्या नावापेक्षा हे केस कापणे अधिक काळ लक्षात राहील. शिवाय धागेदोरे दिलेलेच नाहीत, असेही नाही. ब्रॉनविनची बहीण मेव्ह इंटरनेटवर सायमनचे जे लिखाण शोधून काढते, त्यातून त्याच्या मनात काय चालले होते ते दिसते.

धागाकर्ती

अ‍ॅडीबद्दल पूर्ण सहमत. पुस्तकातली सर्वांत जिवंत व्यक्तिरेखा तीच आहे. पण मेव्हचा शोध उत्तरार्धात येतो आणि तोपर्यंत वाचकाच्या हाती सायमनचे मन ओळखण्याजोगे फारसे काही नसते. त्याहून मोठी अडचण कूपरची आहे. चौघेही प्रथमपुरुषी निवेदन करतात, म्हणजे आपण कूपरच्या डोक्यातच असतो; तरीही क्रिस या मुलावरचे त्याचे प्रेम तो आपल्यापासून बराच काळ लपवतो आणि दरम्यान बेसबॉलसाठी उत्तेजक द्रव्ये घेतल्याच्या त्याच्यावरील आरोपाकडे आपले लक्ष वळवले जाते. निवेदकाने पोलिसांशी खोटे बोलणे वेगळे आणि लेखिकेने त्याचे विचार सोयीनुसार झाकणे वेगळे.

दुसरा प्रतिसाद

कूपरच्या बाबतीत मी लेखिकेच्या बाजूने बोलेन. जो मुलगा वडिलांच्या आणि बेसबॉल संघाच्या भीतीने स्वतःशीसुद्धा ते नाव उच्चारत नाही, त्याच्या निवेदनात ते लवकर येणेच अस्वाभाविक ठरले असते.

माझा आक्षेप सायमनवर आहे आणि तो दोघांच्याही बोलण्यात आलेला नाही. एक मुलगा एकटा पडतो, कडवट होतो, स्वतःचा जीव देऊन इतरांना अडकवण्याचा बेत रचतो, आणि पुस्तक त्याच्याकडे केवळ शेवटचा धक्का म्हणून पाहते. चौघांना स्वतःचा आवाज मिळतो, त्याला एकही प्रकरण मिळत नाही. किशोरांसाठी लिहिताना आत्महत्या हा विषय घेतला, तर तो मुलगा तिथवर कसा पोहोचला, त्याच्या घरी आणि शाळेत कुणाला काय दिसले होते, यासाठी जागा द्यायला हवी होती. नेट आणि ब्रॉनविन यांच्या प्रेमप्रकरणाची पाने थोडी कमी केली असती, तरी ती जागा सहज निघाली असती.