लक्षद्वीप जहाजसहल : बेटावरचा दिवस कसा लावायचा?

टिळकवाडीकर
कोचीहून समुद्रम सहल ठरली आहे, फेब्रुवारीतली. रात्री जहाजावर, दिवसा कवरत्ती, कल्पेनी, मिनिकॉय. बरोबर आई (वय ६४, गुडघे दुखतात) आणि १२ वर्षांचा मुलगा. पोहायला कुणालाच येत नाही, मला चष्मा आहे, मायनस चार. प्रवाळ बघायचं तर आहे. आईला जहाजातून बोटीत उतरवणं जमेल का? दिवसभराच्या पिशवीत काय घालायचं? आणि बेळगावहून गाडी कुठली धरायची? जाणकारांनी सांगा की ओ.

निपाणीवाला
आधी बोटीचं सांगतो, कारण त्या दिवसातलं खरं अवघड काम तेवढंच. बेटाभोवती प्रवाळाचा कडा असतो. मोठं जहाज बहुतेक वेळा त्याच्या बाहेरच नांगर टाकतं. जहाजाच्या कुशीतलं दार उघडतात आणि खाली लहान इंजिनबोट लागते. लाटेबरोबर ती दोन-तीन फूट वरखाली होत असते. बोट वर आली, क्षणभर थबकली की पाऊल टाकायचं. खाली जात असताना टाकलं तर पाय हवेत राहतो आणि गुडघ्यावर आदळतो. दोन्ही हात मोकळे हवेत, म्हणून खांद्याची पिशवी नको, पाठीवरचीच सॅक घ्या. खलाशी दंड धरतात, त्यांना धरू द्या. आपण त्यांचं मनगट धरायला गेलं की दोघांचा तोल जातो.

गुडघ्याचं रांगेत उभं राहायच्या आधी खलाशांना सांगून ठेवा. आईंना साडीऐवजी पंजाबी ड्रेस बरा, पायात मागे पट्टा असलेले सँडल. बोटीत मध्यभागी बसवा, टोकाला हिसके जास्त बसतात.

परतीची वेळ उतरतानाच विचारून घ्या आणि शेवटच्या बोटीवर विसंबू नका. दुपारनंतर वारा वाढला की चढणं सकाळपेक्षा अवघड.

शहापूरची
बोट लागण्याची गोळी (ॲव्होमिन वगैरे) उलटी सुरू झाल्यावर घेऊन उपयोग नाही, ती आधी तास-दोन तास पोटात हवी. झोप येते. आईंना काचबिंदूचा त्रास असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नका. सोबत आलेपाक ठेवा. कुंदा मात्र नेऊ नका, खव्याचा माल आहे, त्या दमट उष्म्यात वाटेतच आंबेल.

घाटमाथा
पोहता येत नसलं तरी स्नॉर्केलिंग (मास्क आणि श्वासाची नळी लावून पाण्यावरून खाली बघणं) होतं. लाइफ जॅकेट घालून पालथं तरंगायचं, बस्स. पण भरती-ओहोटीची वेळ बघितल्याशिवाय पाण्यात उतरू नका. तिथं पाणी साधारण मीटरभर चढउतार करतं. ओहोटीत कड्याजवळ जेमतेम गुडघाभर उरतं, मग पोट प्रवाळावर घासतं. त्याच वेळी लगूनमधलं (कडा आणि किनारा यांच्या मधलं उथळ) पाणी कड्यातल्या वाटेनं बाहेर ओढलं जातं, न पोहणाऱ्याला धोका तो तिथं. भरती पूर्ण भरून पाणी थांबतं तो तासभर सगळ्यात चांगला. वेळ रोज साधारण ५० मिनिटांनी पुढे सरकते, म्हणजे कवरत्तीची वेळ मिनिकॉयला चालणार नाही. बोटवाल्याला विचारा, त्याला तोंडपाठ असते.

मास्क निवडताना पट्टा न लावता चेहऱ्यावर टेकवा आणि नाकानं श्वास ओढा. हात सोडल्यावर चिकटून राहिला तर तो तुमच्या मापाचा. मिशी असेल तर वरच्या ओठापाशी पाणी शिरतं, तिथं थोडं व्हॅसलीन लावा. पट्टा करकचून आवळला की रबराची कड दुमडते आणि उलट जास्तच गळतं. काचेवर धुकं धरतं ते श्वासाच्या वाफेनं. बेबी शाम्पूचा एक थेंब आतून चोळून नुसता विसळायचा. चष्मा मास्कखाली बसत नाही. नंबरचा मास्क विकत मिळतो, मायनस चारला तो इथूनच घेऊन जा, तिथं मिळेल या भरवशावर राहू नका.

आईंसाठी काचेच्या तळाची बोट आहे, प्रवाळ तितकंच दिसतं.

टिळकवाडीकर
एकदम कामाचं. मुलगा वाळूत अनवाणी फिरणार, त्याचं काय? आणि उन्हाचं?

घाटमाथा
अनवाणी नकोच. पावसाळ्यात घालतो ते प्लास्टिकचे सँडल पाण्यातही राहू द्या, चप्पल वाहून जाते. वाळूत पाय उचलून टाकण्यापेक्षा घासत चालायचं, म्हणजे खाली दबलेला पाकट (शेपटीत विषारी काटा असलेला चपटा मासा) आधीच सरकतो. प्रवाळानं खरचटलं तर गोड्या पाण्यानं बारीक कण निघेपर्यंत धुवा, मग बीटाडीन. वरवरची वाटणारी ती जखम हमखास चिघळते. विषारी माशाचा काटा लागला तर सोसवेल तितक्या गरम पाण्यात पाय बुडवा आणि दवाखाना गाठा.

स्नॉर्केलिंगमध्ये पाठ आणि पोटऱ्या भाजतात, गार पाण्यामुळे तेव्हा कळत नाही, रात्री कळतं. पूर्ण बाहीचा नायलॉनचा टीशर्ट क्रीमपेक्षा भरवशाचा.

खानापूर_लोंढा
गाडीचं : पूर्णा एक्स्प्रेस बेळगाव-लोंढा मार्गे थेट एर्नाकुलमला जाते, पण आठवड्यातून एकदाच. वार जुळला नाही तर चोर्ला घाटानं मडगाव गाठा, तिथून नेत्रावती किंवा मंगला लक्षद्वीप. जहाजाच्या आदल्या दिवशी कोचीत असा. बेटांवर जायला परवाना लागतो, तिकिटावरचं नाव आधारशी अक्षरन् अक्षर जुळवा. रोकड न्या.

निपाणीवाला
दोन गोष्टी राहिल्या. या तिन्ही बेटांवर दारूबंदी आहे. आणि मेलेल्या प्रवाळाचा पांढरा तुकडासुद्धा खिशात घालू नका, वन्यजीव कायद्यात गुन्हा आहे. मुलांच्या खिशात हमखास असतो, बोटीत बसायच्या आधी खिसे उलटे करून बघा.

मिनिकॉयला १८८५ चं दीपगृह आहे. उघडं असेल तर मुलाला वर न्या, आईंना जिने नकोत. तिथं महल नावाची भाषा बोलतात, बाकी दोन्हीकडे मल्याळमच्या वळणाची बोली, हिंदीनं भागतं. जाता जाता : लक्षद्वीपातली उत्तरेकडची अमिनदिवी बेटं दक्षिण कॅनरा जिल्ह्यात होती. १ नोव्हेंबर १९५६ ला ती तिथून निघून केंद्रशासित झाली. म्हणजे ज्या दिवशी आपल्या बेळगावला म्हैसूर राज्यात घातलं, त्याच दिवशी!

शहापूरची
शाकाहारी असाल तर बुकिंगच्या वेळीच लिहून द्या. बेटावरचं जेवण म्हणजे भात, नारळ आणि ट्यूना.