माळ्यावरचा कॅसेटवाला टीव्ही गेम साफ करायचाय, इंदूरात सामान कुठे मिळेल?

रामबागी

नमस्कार मंडळी. दिवाळीच्या सफाईत आकाशकंदिलाचं खोकं काढायला माळ्यावर चढलो, तर त्याच्यामागे दादाचा टीव्ही गेम सापडला. दादा दहावी झाला तेव्हा, ९५ साली, बाबांनी घेऊन दिला होता. खोक्यावर एका कंपनीचं नाव, तळाच्या स्टिकरवर दुसरीचं, म्हणजे आत माल तिसरीचाच असणार.

हालत अशी आहे. पांढरी बॉडी साजूक तुपाच्या रंगाची झालीय, ती पण एकाच बाजूने. एका रिमोटचं स्टार्टचं बटण आत गेलं की बाहेर यायचं नाव घेत नाही. दुसऱ्याची वायर उंदराने कुरतडलीय. नारिंगी बंदूक शाबूत. कॅसेट तीन, त्यातली एक '९९९९ इन १', ज्यात खरे गेम वीस-पंचवीसच असायचे हे तुम्हाला माहीतच आहे. अ‍ॅडाप्टर गायब. आणि हलवलं की आत काहीतरी खुळखुळतं.

आई म्हणते, कचरागाडी आली की देऊन टाक, त्यांच्याकडे असल्या सामानाचा वेगळा डबा असतो. पण नाताळात दादा पोराला घेऊन येतोय. त्याच्यासमोर काही न बोलता टीव्हीला लावून ठेवायचा विचार आहे.

तर कशाने पुसू, पिवळेपणा जातो का, अ‍ॅडाप्टर कुठला घेऊ? मला सोल्डरिंग येत नाही. पेचकस धरता येतो, इतकंच.

पोहेजिलेबी

कॅसेट काढा, फुंकर मारा, परत घाला. आमच्या मल्हारगंजात याच्यापुढे कुणाचं शिक्षण गेलं नाही.

कथीलवाला

फुंकरीने चालतं असं वाटायचं, कारण फुंकर मारायला कॅसेट काढून परत घातली जायची. त्या घासण्याने पिना पुन्हा टेकायच्या, श्रेय मात्र फुंकरीला. फुंकरीबरोबर आत जायची ती तोंडातली वाफ. कॅसेटच्या पट्ट्यांवर आज जो हिरवा थर दिसतो त्यात तिचाही हात आहे.

रामबागी, पुसणं-बिसणं नंतर. आधी ऐका: घरात पडलेला कुठलाही अ‍ॅडाप्टर लावून 'बघू तरी' करू नका. असल्या गेमांचा बाप म्हणजे निन्टेन्डो कंपनीचा फॅमिकॉम, १९८३ साली जपानात आलेला. त्याचा अ‍ॅडाप्टर १० व्होल्ट, ८५० मिलिअँपिअर, आणि मधली पिन निगेटिव्ह. आपल्याकडच्या बऱ्याच नकलांनी तीच रीत ठेवली, पण सगळ्यांनी नाही. आणि आज घरात सापडणारे राउटरचे अ‍ॅडाप्टर बहुतेक मधली पिन पॉझिटिव्हवाले, वर १२ व्होल्टचे. उलटं लावलं आणि आत उलटा करंट अडवणारा डायोड नसला की खेळ तिथेच खलास. सेगा या दुसऱ्या गेम कंपनीने तर एकाच घरात दोन रीती चालवल्या: त्यांच्या पहिल्या मेगा ड्राइव्ह गेमला मधली पिन निगेटिव्ह, दुसऱ्याला पॉझिटिव्ह. तेव्हा अंदाजाने काही नाही.

गेमवर अ‍ॅडाप्टर लावायच्या भोकाजवळ गोलाची छोटी खूण छापलेली किंवा कोरलेली असते, मधल्या ठिपक्याकडे वजा की अधिक ते बघा. नसेल तर बॉडी उघडा. पत्र्याच्या तुकड्याला स्क्रूने बसवलेला तीन पायांचा काळा भाग दिसेल, त्यावर ७८०५ लिहिलेलं असतं. आलेल्या ९-१० व्होल्टांचे ५ करून बोर्डाला द्यायचे, एवढंच त्याचं काम. अक्षरं आपल्याकडे धरली की डावा पाय आत येणारा, मधला ग्राउंड, उजवा बाहेर जाणारा. मल्टिमीटर (वीज तपासायचा मीटर) बीपवर ठेवून मधल्या पायाचा सांधा भोकाच्या कुठल्या पत्तीशी जुळतो ते बघा. ती पत्ती निगेटिव्ह. सोल्डरिंग न येणाऱ्यालाही हे जमतं.

अ‍ॅडाप्टर महाराणी रोडला घ्या आणि दुकानातच मीटर लावून बघा. जुन्या पद्धतीचे जड, ट्रान्सफॉर्मरवाले ९ व्होल्टचे अ‍ॅडाप्टर रिकामे असताना १२-१३ दाखवतात. घाबरू नका, भार पडला की उतरतात. गेम चालू करून ७८०५च्या उजव्या पायावर ४.८ ते ५.२ मिळाले की अर्धी लढाई जिंकलात. नाही मिळाले तर तो भाग बदलायचा, दहा-वीस रुपयांचं काम. कुठल्याही टीव्ही मिस्त्रीला सांगा, चहा होईपर्यंत करून देईल.

एक मात्र आधीच सांगून ठेवतो. बोर्डावर डांबर सांडल्यासारखा काळा गोळा असेल, त्याच्या पोटात सगळा गेम आहे. तो मेला तर मेला. त्यावर माझ्याकडे इलाज नाही, ना कुणाकडे.

रामबागी

उघडला! खुळखुळत होती ती पालीची अंडी. दोन. रिकामी. शिवाय एका स्क्रूचा प्लॅस्टिकचा खांब तुटून पडलेला. झुरळांची तर वसाहतच होऊन गेलीय. देशातल्या सगळ्यात स्वच्छ शहरात राहतो म्हणे आपण.

डांबराचा गोळा आहे. ७८०५ आहे. मधली पिन निगेटिव्ह निघाली. आता पुसू कशाने? शेजारचे काका डब्ल्यूडी-४० ची बाटली घेऊन दारात उभे आहेत.

कथीलवाला

काकांना पोहे खायला घाला आणि बाटली त्यांच्या गेटच्या कडीला मारायला सांगा. तेलाचा थर बसला की त्यावर धूळ बसते, आणि कॅसेटच्या खाचेत तेल नकोच.

पाहिजे आयसोप्रोपिल अल्कोहोल, ९९ टक्केवालं. जेल रोडला मोबाइल दुरुस्तीचं सामान विकणारे 'आयपीए' म्हटलं की काढून देतात. दवा बाजारातही मिळेल. हात धुवायचं सॅनिटायझर चालणार नाही, त्यात पाणी आणि ग्लिसरीन असतं. विस्तवापासून लांब, खिडक्या उघड्या.

बोर्डावर आधी कोरडा ब्रश, रंगाचा अर्धा इंची चालेल. झुरळांची घाण कडक झाली असेल तिथे आयपीएत बुडवलेला जुना टूथब्रश. कॅसेटच्या पट्ट्यांवर इअरबड, पट्टीच्या लांबीच्या दिशेने, आडवा नाही. बोळा काळा निघतो तोवर बदलत राहा. तरी नाहीच उजळलं तर पांढरा मऊ खोडरबर, हलक्या हाताने, दोनदा, बस. वरचा मुलामा नखाएवढाही जाड नसतो. मी पोरपणी पॉलिश पेपर मारून एक कॅसेट चकचकीत केली होती. महिनाभर मस्त चालली, मग उघडं तांबं काळं पडलं आणि कायमची गेली.

खाचेत ६० पिना असतात, इअरबड शिरणार नाही. जुन्या एटीएम कार्डाला पातळ सुती कापड गुंडाळा, आयपीएने ओलसर करा (ओलं नाही, ओलसर) आणि कॅसेटसारखं सात-आठ वेळा आत-बाहेर करा. हीच तुमची शास्त्रोक्त फुंकर.

रिमोट उघडलात की रबराखाली काळी टिकली दिसेल. ती कार्बनची. बोर्डावरचे काळे ठिपकेही कार्बनच्या शाईचे. तिथे घासाघीस केलीत तर मळाबरोबर कार्बनही जाईल. रबर कोमट साबणाच्या पाण्यात धुवा, बोर्डावर आयपीएचा एकच हलका हात. तुमचं स्टार्टचं बटण अडकतंय ते तीस वर्षांच्या सरबताने, धुतलं की सुटेल. टिकलीच गुळगुळीत झाली असेल तर टीव्हीचे रिमोट दुरुस्त करणाऱ्याकडे कार्बनच्या टिकल्या मिळतात, चिकटवायच्या. पेन्सिलचं शिसं घासायचा सल्ला कुणी दिला तर तो चार दिवसांचा पाहुणा समजा.

सुदामानगरची ताई

पिवळेपणावर मी बोलते, कारण हात मी पोळवून घेतलेत. खरोखरचे.

हे प्लॅस्टिक एबीएस जातीचं. आग लागू नये म्हणून त्यात ब्रोमीनची संयुगं घालायचे. उन्हाने आणि वर्षांनी ते पिवळं पडतं, म्हणून तुमचं एकाच बाजूने पडलंय, ती खिडकीकडची बाजू असणार. हे डाग नाहीत, रंगच बदललाय. विम, सर्फ, टूथपेस्ट, काही उपयोग नाही.

उपाय आहे तो हायड्रोजन पेरॉक्साइड आणि ऊन. केस रंगवायचं ४० व्हॉल्यूमचं क्रीम डेव्हलपर म्हणजे १२ टक्के पेरॉक्साइड, पार्लरच्या सामानाच्या दुकानात मिळतं. स्टिकर काढायचे, बॉडी धुवायची, क्रीम सगळीकडे सारखं लावायचं, पातळ प्लॅस्टिक गुंडाळून उन्हात. हातमोजे आणि चष्मा घालूनच. मी हातमोज्याशिवाय 'पाच मिनिटांचं तर काम' म्हणून बसले आणि बोटांची टोकं पांढरी फटक पडून रात्रभर चुरचुरत होती.

दुसरी चूक म्हणजे मे महिना. आपल्याकडचं चाळिशीतलं ऊन, गच्ची तापलेली, क्रीम अर्ध्या तासात वाळलं. जिथे वाळलं तिथे डाग राहिला, जिथे ओलं होतं तिथे गोरं झालं. भावाच्या गेमवर आता ढग आहेत. दर पंधरा-वीस मिनिटांनी उघडून क्रीम फिरवावं लागतं, मी मात्र खाली सिरियल बघत होते. लाल-मरून बटणं तर मुळीच घालू नका, फिकी पडतात.

आणि एवढं करून पिवळेपणा वर्षा-दोन वर्षांनी परत येतो, कपाटात ठेवला तरी. तुमच्या जागी मी असते तर नुसतं साबणाने धुऊन ठेवलं असतं. दादा त्याला पिवळाच ओळखेल.

पोहेजिलेबी

नाही पटलं ताई. पाहुण्यासमोर पिवळा डबा? आपण दिवाळीला घराला रंग देतो तोही दोन वर्षांनी उडतोच की.

सुदामानगरची ताई

तुम्ही करा, मी ढग मोजायला येते.

लोकमान्यनगर ४

धाग्यात घुसतोय, माफ करा. माझ्याकडे ब्रिक गेम आहे, हातातला, ठोकळे पडायचे तो. सेल आतच फुटलेत. एका बाजूला पांढरी भुकटी, स्प्रिंग खाल्लेली. व्हिनेगर लावू का? सगळीकडे तेच सांगतात.

कथीलवाला

सेल कुठला ते आधी बघा. अल्कलाइन असेल तर गळतं ते क्षार, त्याला व्हिनेगर किंवा लिंबू बरोबर. पण आपल्याकडे स्वस्तातले लाल-निळे सेल बहुतेक झिंक-कार्बनचे, त्यांतून येतं ते आम्लाकडे झुकणारं. आम्लावर आम्ल ओतून काय होणार? तिथे खाण्याचा सोडा पाण्यात कालवून लावा. दोन्हींत शेवटी ओलसर बोळा, मग आयपीए. पडद्यावर रेघा गायब असतील तर काचेखालची रबराची पट्टी पुसून नीट दाबून बसवा. सोल्डर काही नाही त्यात.

बडोदेकर

आमच्याकडे २०२४च्या ऑगस्टात विश्वामित्रीचं पाणी तळमजल्यात शिरलं, त्यात चुलतभावाचा गेम बुडाला. वाळला म्हणून त्याने लगेच लावला आणि गेला. कुणाचा पाण्यात पडला तर लावू नका. उघडा, स्वच्छ पाण्याने चिखल काढा, मग आयपीए, मग पंख्याखाली दोन-तीन दिवस. साफ झाल्यावर ठेवताना बुटांच्या खोक्यातल्या सिलिकाच्या पुड्या आत टाका. जय महाराज.

रामबागी

मंडळी, चालला!!

रविवारी सकाळी पोहे खाऊन जेल रोड, मग महाराणी रोड. अ‍ॅडाप्टर मीटर लावूनच घेतला, दुकानदाराने विचारलं, 'भिया, इंजिनियर हो क्या?' बॉडी फक्त साबणाने धुतली, ताईंचं ऐकलं. तुटलेल्या खांबाला दोन भागांचा इपॉक्सी लावून रात्रभर रबरबँडने बांधून ठेवला. पहिल्यांदा लावलं तेव्हा पडदा करडा, नुसता थरथरत होता. एटीएम कार्डाची युक्ती तीनदा केल्यावर यादी आली. चित्र आधी काळं-पांढरं, टीव्हीच्या मेनूत कलर सिस्टीम 'ऑटो' केल्यावर रंग आले. अँटेनाची वायर लावलीच नाही, पिवळी-पांढरी एव्ही पिन वापरली.

मारिओ चालतो, पण उडी मी दाबल्यानंतर मारतो. आणि बंदूक? बदकं मारायच्या गेममध्ये एकही बदक पडत नाही. टीव्हीला टेकवून मारलं तरी नाही. कुत्रं हसतंय नुसतं. बंदूक पण साफ करू का?

कथीलवाला

अभिनंदन. बंदुकीला हात लावू नका, ती निर्दोष आहे.

घोडा दाबला की पडदा क्षणभर काळा होतो आणि बदकाच्या जागी पांढरा चौकोन येतो. बंदुकीच्या नळीत प्रकाश ओळखणारा डोळा आहे, त्याला तो चौकोन ठरल्या क्षणी दिसला तर बदक पडलं. जुन्या डब्या टीव्हीत चित्र त्याच क्षणी उमटायचं. एलईडी टीव्ही आधी चित्रावर विचार करतो, मग दाखवतो. तोवर गेमने निकाल लावलेला असतो. मारिओची उडी उशिरा येते त्याचंही कारण हेच. टीव्हीत 'गेम मोड' असेल तर लावा, उडी सुधारेल. बदकांसाठी डब्या टीव्हीच पाहिजे. मिळाला तर चालवा, पण आतून साफ करायला उघडू नका. बंद असला तरी नळीत हजारो व्होल्ट दबा धरून बसलेले असतात.

पोहेजिलेबी

माझ्या मावशीकडे २१ इंची आहे, राजेंद्रनगरात. चालतो. पंधरा वर्षं त्यावर मनीप्लांट आहे, वेल खिडकीपर्यंत गेलाय. टीव्ही फुकट, पण वेल तोडायचा नाही ही मावशीची अट.

रामबागी

रविवारी येतो. रिक्षात मागे टीव्ही बसेल, पुढे मी मांडीवर कुंडी घेऊन बसतो.