अनुभव धागा : पडद्यावरचा पियानो आणि आपली बोटं

काळी चार

परवा जेवणं उरकल्यावर आईबरोबर टीव्हीवर जुनी गाणी बघत बसले होते. पार्टी रंगलेली, हिरो पियानोवर, हिरोईन दुसऱ्याच्याच शेजारी उभी. हिरोचा हात पार डाव्या टोकाला, म्हणजे खर्जात, आणि ऐकू काय येतंय तर तार सप्तकातला तुकडा. मी म्हटलं, "आई, त्याचा हात बघ की!" आई म्हणाली, "मी त्याचं तोंड बघालोय. तू गप बस." (हो, आमच्या कोल्हापुरात बायकाही 'बघालोय'च म्हणतात.)

आठ वर्षं 61 पट्ट्यांचा कीबोर्ड बडवून झाल्यावर तीन वर्षांपूर्वी मी खऱ्या पियानोवर बसले. पहिल्याच दिवशी करंगळी दुखली. पियानोची एक पट्टी खाली जायला साधारण 50 ग्रॅम वजन लागतं. ऐकायला काहीच नाही, पण तासभर दाबून बघा. तेव्हापासून सिनेमातले पियानो बघणं अवघड झालंय. बोट चुकलं तर मी सोडून देते. पण पट्टी दाबल्यावर मनगट, कोपर, खांदा यातलं काहीच हललं नाही, की तो माणूस टेबलावर टिचक्या मारतोय असं वाटतं.

'अंदाज'पासून 'संगम', 'ब्रह्मचारी'पर्यंत आपल्या हिरोंनी किती दुःखं पियानोवर बसून गायली! तुम्हाला काय खटकलं, काय पटलं? पेटीवाल्यांनीही लिहा. घरोघरी पेटीच आहे, पियानो कुणाकडं असतोय?

भाता

मी भजनी मंडळात पेटीवर असतो, चाळीस वर्षं झाली. पियानोचं मला कळत नाही, पण पडद्यावरच्या पेटीचे हाल तुम्हाला सांगतो. उजवा हात पट्ट्यांवर झकास फिरतोय आणि डावा हात मांडीवर! अरे बाबा, भात्याला हवा कोण देणार? हवा नाही तर सूर नाही. दुसऱ्या एकात भाता इतका जोरात हलवत होता, जणू चुलीवर फुंकर घालतोय. भाता हळू चालतो. समेवर जरा दाब द्यायचा, गायक श्वास घेतो तिथं सैल सोडायचा. आमचे गुरुजी म्हणायचे, पेटी डाव्या हातानं वाजवायची असते, उजवा नुसता पत्ता सांगतो.

जुन्या लोकांचं वेगळं होतं. 'अयोध्येचा राजा' हा प्रभातचा बोलपट 1932 चा, आपल्या कोल्हापुरात तयार झालेला. त्यात हरिश्चंद्राचं काम आणि संगीत दोन्ही गोविंदराव टेंब्यांचं. टेंबे म्हणजे पेटीतला मोठा माणूस, 'मानापमान'च्या चाली त्यांच्याच. तेव्हा पार्श्वगायन नव्हतं. कॅमेऱ्यासमोर जे गायलं तेच पडद्यावर यायचं. नंतर तोंड एकाचं, गळा दुसऱ्याचा आणि बोटं तिसऱ्याची अशी वाटणी झाली. तिथूनच भाता बंद पडला असं माझं मत.

लाईटवाला

मी काय वाजवत न्हाई, लाईटी लावतो. पन्हाळ्याच्या बाजूला एका बंगल्यात शूटिंग होतं. सीनमध्ये पियानो पायजे, आणि खरा आणायचा म्हंजे टेम्पो, आठ माणसं आणि ढीगभर पैसं. मग काय, प्लायवूडचा केला. वरनं काळं पॉलिश असं मारलं की माझी लाईट त्यात आरशासारखी दिसालती, तीच लपवायला अर्धा तास गेला. पट्ट्या पेंटरनं रंगवल्या. एक पांढरी, एक काळी, एक पांढरी, एक काळी, सलग ह्या टोकापासून त्या टोकापतूर. शूटिंग बघायला आलेल्या एक बाई म्हणाल्या, "अहो, काळ्या दोन-तीन, दोन-तीन अशा असतात!" डायरेक्टरनं कपाळाला हात लावला. हिरो गडी मात्र निवांत. "कुठं दाबू?" एवढंच विचारलं.

आणि एक सांगतो, खरा पियानो असला तरी गाण्याच्या सीनला तो मुकाच लागतो. गाणं स्पीकरवर मोठ्यानं चालू असतंय, त्यात ह्याचा आवाज आला की सगळा गोंधळ. मग कोण आत कापड कोंबतंय, कोण आतली हातोडीची सगळी यंत्रणाच काढून ठेवतंय. पट्टी दाबली तर भुसकन खाली. त्याच्या खांद्याला काय कळणार ओ ताई, जिथं बोटालाच काय लागत न्हाई!

काळी चार

लाईटवाला भाऊ, ह्या एका गोष्टीनं माझा तीन वर्षांचा राग निम्मा उतरला.

रविवारची प्रार्थना

मी चर्चमध्ये वाजवते, शिकवतेही. मला खटकतात ते पाय. उजव्या पेडलवर पाय ठेवला की सगळ्या तारांवरचे दाबक उचलले जातात आणि सूर रेंगाळतो. सूर बदलला की पाय सोडून पुन्हा दाबायचा. तो पाय सतत कामात असतो. सिनेमात हिरो पाय मागे घेऊन, बुटाची टाच खुर्चीखाली ठेवून बसतो आणि सूर मात्र लांबच लांब.

पण सगळे तसे नसतात. 'द पियानो' (1993) मध्ये हॉली हंटरनं स्वतः वाजवलंय आणि ते दिसतं, ती वाजवायच्या आधी हात पट्ट्यांवर नुसता टेकवते तेव्हासुद्धा. 'ग्रीन बुक'मध्ये हात क्रिस बोवर्स या वादकाचे, चेहरा दुसऱ्याचा. तिथंही फसल्यासारखं वाटलं नाही, कारण नटानं पाठ बरोबर धरलीय. पाठ खोटी बोलत नाही.

'द पियानिस्ट'बद्दल माझ्या मनात अढी आहे. जर्मन अधिकाऱ्यापुढं वाजवण्याचा तो प्रसंग सगळ्यांना आठवत असेल. सिनेमात तिथं शोपँ या संगीतकाराचं पहिलं बॅलेड आहे, जी मायनरमधलं. प्रत्यक्षात श्पिलमान यांनी, म्हणजे ज्यांच्यावर हा सिनेमा आहे त्या पियानोवादकानं, शोपँचंच सी शार्प मायनर नॉक्टर्न वाजवलं होतं, तसं त्यांनी लिहून ठेवलंय. बोटं आखडलेली, मळलेली, नखं वाढलेली, तारा उतरलेल्या. अशा हातांनी माणूस नॉक्टर्नच वाजवेल. ते संथ आहे, हातांना थोडं सावरायला देतं. बॅलेडच्या शेवटाला ताजेतवाने हातसुद्धा घाबरतात. कित्येक महिने उपाशी, थंडीत लपलेल्या माणसानं ते वाजवावं? पडद्यावर भव्य दिसतं, मान्य. ते बघताना मीही रडलेय. रडता रडता हिशोब मात्र चालू होता.

पट्टी अडकली

पेट्या दुरुस्त करतो, मधनंअधनं पियानोही बघतो. तंबोऱ्यासाठी मिरज आहेच, पण पेटी आणि पियानोला आमच्यासारखे हातावर मोजण्याइतके उरलेत.

सिनेमातली हवेली. वीस वर्षं बंद. हिरोईन येते, पांढरी चादर ओढते, फू करून धूळ उडवते, आणि पियानो एकदम सुरात! अहो, आपल्याकडं जूनमध्ये पहिला पाऊस धरला की लाकूड फुगतं, पट्ट्या एकमेकींना चिकटतात. एक दाबली की शेजारीण पण खाली. पियानोत सव्वादोनशेच्या आसपास तारा, सगळ्यांचा मिळून ताण कित्येक टनांचा. तो वीस वर्षं जागच्या जागी थांबेल होय? वर उंदीर. हातोड्यांवरची लोकर त्यांना फार आवडते. मी एका पियानोत घरटं बघितलंय, पिल्लांसकट. त्यात डांबरगोळ्यांची रिकामी पुडी. म्हणजे मालकांनी काळजी घेतली होती!

2019 च्या पुरानंतर कोल्हापुरातल्या सुतारवाड्याकडनं, व्हीनस कॉर्नरकडनं पेट्या आल्या माझ्याकडं. पितळेचे सूर धुऊन पुसून वाजले, पण सरस सुटलेला, भात्याचं कातडं कुजलेलं. एका आजोबांनी विचारलं, "वास जाईल का?" वास राहिला. त्यांनी तशीच नेली.

इवल्या बोटांची आई

लेक सात वर्षांची. सिनेमात मूल एका गाण्यात शिकतं, बाहेर पाऊस, मग ऊन, मग टाळ्या. आमच्याकडं चार महिने झाले, उजव्या हाताचा अंगठा बोटांखालून कसा न्यायचा यावरच गाडी थांबलीय. शेजारच्या काकू परवा म्हणाल्या, "पुढचं गाणं कधी सुरू होणार?"

ऑर्केस्ट्रातला बबन

नाद खुळा धागा! मी लग्नात, गणपतीत कीबोर्ड वाजवतो. 'अंधाधुन' तीनदा बघितला, कारण आयुष्मान खुराणा खरोखर शिकून बसलाय, हात त्याचेच. 'ला ला लँड'मध्ये गॉस्लिंगचंही तेच. असं असलं की कॅमेरा तोंडावरनं हातावर न तोडता सरळ खाली येतो. जिथं तोंड वेगळं, हात वेगळे असा कट पडला तिथं समजायचं, बाहेरचं पाव्हणं आलं.

एक गोष्ट मात्र सांगतो. मी एका पोराला शिकवलं, जन्मापासून न दिसणारा. तो बसला की आधी काळ्या पट्ट्या चाचपतो. दोनची जोडी सापडली की तिच्या डावीकडची पांढरी म्हणजे 'सी'. मग अख्खा कीबोर्ड त्याचा. मान वर, बोटं मात्र त्या जोडीवर टेकलेली. ह्यो हात अजून मला पडद्यावर नीट बघायला मिळाला न्हाई. आणि लाईटवाले भाऊ, तुमच्या त्या सलग काळ्या पट्ट्यांवर त्याला बसवला असता तर बिचारा घरची वाट पण विसरला असता! खटक्यावर बोट, जाग्यावर पलटी.

भाता

बबनराव, ते चाचपणं बरोबर लिहिलंत. आमच्या मंडळातही एक होते, पेटी पुढ्यात आली की आधी पट्ट्यांवरून तळहात फिरवायचे, घोड्याच्या पाठीवरून फिरवतात तसा.

इवल्या बोटांची आई

लाईटवाला भाऊ, एक राहिलंच. त्या रंगवलेल्या पियानोचं पुढं काय केलं? पुन्हा रंगवला?

लाईटवाला

कुठला ओ, ऊन उतरालतं. डायरेक्टरनं पियानोवर फुलदाणी ठेवली, कॅमेरा खाली लावला, पट्ट्या दिसल्याच न्हाईत. हिरोनं वाजवलं झकास. वन टेक ओके.