मुतखडा: २४ तासांच्या लघवीचा रिपोर्ट आणि दूध-मिठाचा घोळ, मदत हवी आहे

धाकट्या भावाला (वय ३८, अकोला) दुसऱ्यांदा मुतखडा झाला. दुर्बिणीने काढला, तपासला तर कॅल्शियम ऑक्सलेटचा (कॅल्शियम आणि अन्नातूनही येणारं ऑक्सलेट मिळून होतो तो) निघाला. म्हणून यावेळी डॉक्टरांनी २४ तासांची लघवी तपासून घेतली.

एकूण लघवी १.२ लिटर, कॅल्शियम ३३० मिग्रॅ, सायट्रेट १८० मिग्रॅ (हे खडा होऊ देत नाही, किमान ३२० हवं म्हणे), सोडियम २२० मिलिमोल. ऑक्सलेट, युरिक अ‍ॅसिड मर्यादेत. रक्तातलं कॅल्शियम आणि ते ताब्यात ठेवणारं पॅराथायरॉइड हॉर्मोन नॉर्मल.

डॉक्टर म्हणाले, दूध-दही चालू ठेवा, मीठ कमी करा. आईला हे अजिबात पटत नाही. खडा कॅल्शियमचा, लघवीत कॅल्शियम जास्त, मग दूध कशाला? तिने त्याचं दूध-दही बंद केलंय आणि रोज कुळथाचं कढण सुरू केलंय. सोबत लोणचं-पापड आहेच!

तिला समजावू कसं? दुसरं म्हणजे, पोटॅशियम सायट्रेटचं सिरप लिहून दिलंय, पण मेडिकलवाला दुसरंच देतोय, 'सायट्रेटच आहे, एकच' म्हणतो. चालेल का? आणि भाऊ दिवसभर उन्हात दुचाकीवर असतो, त्याने पाणी प्यावं तरी किती?

प्रतिसाद १
ताई, २२० मिलिमोल सोडियम म्हणजे दिवसाला जवळजवळ १३ ग्रॅम मीठ. जागतिक आरोग्य संघटना ५ ग्रॅमच्या आत म्हणते. सोडियम बाहेर टाकताना मूत्रपिंड कॅल्शियमही सोडतं, त्यामुळे आधी लोणचं-पापड हलवा. जेवणातलं कॅल्शियम आतड्यातच ऑक्सलेटला धरून ठेवतं. दूध-दही तोडलं की तेच ऑक्सलेट मोकळं होऊन लघवीत उतरतं. इटलीत नेमक्या अशाच १२० पुरुषांवर ५ वर्षं अभ्यास झाला, २००२ साली छापून आला. कमी कॅल्शियम खाणाऱ्या ६० जणांपैकी २३ जणांना पुन्हा खडा झाला. नेहमीइतकं कॅल्शियम, पण मीठ आणि मांसाहार कमी, अशा ६० जणांत १२ जणांना. आईंना हे वाचून दाखवा. कॅल्शियमच्या गोळ्या मात्र स्वतःहून सुरू करू नका.

प्रतिसाद २
सिरपच्या बाटलीवरचं बारीक अक्षर वाचा. लघवीच्या जळजळीला सर्रास देतात त्यात बहुतेकदा डायसोडियम हायड्रोजन सायट्रेट असतं, म्हणजे पुन्हा सोडियमच. लिहून दिलंय तेच मागा, नाही म्हणाला तर दुसरं दुकान. पोटॅशियमवालं जेवणानंतर, पाण्यात मिसळून. मूत्रपिंड अशक्त असेल तर रक्तातलं पोटॅशियम वाढू शकतं, तेव्हा रक्ततपासणी कधी करायची ते डॉक्टरांना विचारा.
पाणी ग्लासांत मोजून उपयोग नाही, अकोल्याच्या उन्हात निम्मं घामातच जातं. लघवी अडीच लिटर व्हायला हवी. सुट्टीच्या दिवशी मापाच्या भांड्यात मोजा, एरवी रंग पाहा. लिंबूपाणी उत्तम, पण मीठ न घालता.

धागाकर्ती
दोघांचे आभार. बाटली पाहिली, डायसोडियमच आहे. उद्या बदलून आणते. कढण बंद करायला सांगू का?

प्रतिसाद २
राहू दे, तेवढंच पाणी पोटात जातं. मीठ तेवढं बेताने घालायला सांगा.