काका गेले, घाटाचा मॉडेल-रेल्वे लेआउट उरला: कुठे कापायचा, आठवण म्हणून काय ठेवायचं?

देवळाली_आउटर

काका गेल्याचं सगळ्यांना कळलंच आहे. दिवसकार्य आटोपलं. मुलगा दिवाळीत पुण्याहून येतोय, तोवर कॉलेज रोडच्या घरातली लेआउटची खोली काकूंना मोकळी हवी आहे. विकण्याची घाई नाही, पैशांचं बोलणंही नाही, फक्त भंगारात जाऊ देऊ नका असं त्या म्हणाल्या.

ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी: एचओ (१:८७ प्रमाण), १२ बाय ८ फूट, एल आकार, कसारा ते इगतपुरी घाट. १८ मिमी प्लाय, खाली पाइनच्या पट्ट्यांची चौकट. कॉर्कवर कोड १०० (रुळाच्या उंचीचं माप) फ्लेक्स, म्हणजे वाकवता येणारे, रूळ. डोंगर जाळी आणि प्लास्टरचे. डीसीसी, म्हणजे रुळातूनच प्रत्येक इंजिनाला वेगळे डिजिटल हुकूम. १९ इंजिनं, त्यातली बरीच खोक्याविना, आणि त्यात काकांनी हाताने बांधलेला खेकडा, म्हणजे जुनं विजेचं मालगाडी-इंजिन. शिवाय नाशिकच्या जुन्या ट्रामचा अर्धवट डायोरामा (छोटा देखावा).

पूर्ण लेआउट ठेवायला जागा कुणाकडेच नाही. एक तुकडा कापून चालता ठेवता येईल का? कोणता? इंजिनांचं आधी काय करायचं? आणि त्यांच्या नावाने काही करायचं तर काय शोभेल?

घाटबँकर

पहिल्या दिवशी करवत घरी ठेवून जा. आधी सगळा लेआउट एकदा चालवून बघा आणि व्हिडिओ घ्या. कुठला सांधा मरतो, कुठे डबा उतरतो हे चालू असतानाच कळतं. मग वरून, बाजूने आणि टेबलाखालून फोटो काढा. प्रत्येक वायरीला मास्किंग टेपची चिठ्ठी, आणि चिठ्ठीवरचा आकडा प्लायवरही मार्करने. चिठ्ठ्या गळतात, प्लायवरचा आकडा राहतो.

तुकड्याबद्दल माझं मत स्पष्ट आहे. इगतपुरी यार्ड नको. यार्डात पॉइंट (गाडीला एका रुळावरून दुसऱ्यावर नेणारे) जास्त, आणि पॉइंटमधून कापलं की तो पॉइंट गेला. घाटातला बोगद्याचं तोंड आणि कॅच सायडिंग (उतारावर ताबा सुटलेली गाडी वळवायची बाजूची लाइन) असलेला भाग घ्या. काकांचं खरं काम तिथे आहे, आणि तिथे एकच पॉइंट आहे. लांबी ४ फूट, रुंदी २ फूट. याहून मोठा तुकडा जिन्याच्या वळणावर अडकेल.

काकांनी चढ खऱ्या घाटाइतकाच, १:३७ ठेवला आहे. म्हणजे ४ फुटांत, १२२० मिमीत, रूळ ३३ मिमी वर जातो. तुकड्याची दोन टोकं वेगवेगळ्या उंचीची असणार. कोणतं टोक कसाऱ्याकडचं हे कापण्याआधीच लिहून ठेवा, आणि पुढे पाय बनवाल तेव्हा चढ प्लायच्या आतच आहे हे विसरू नका. टेबल सपाटच हवं. उत्साहात पायही तिरके केले तर चढ दुप्पट होईल.

कापण्याची पद्धत:

रूळ कापरेषेला काटकोनात जातील अशी जागा निवडा. वक्रावर तिरकं कापलं तर सांध्यावर रुळांची टोकं बाहेर फाकतात आणि पुन्हा कधी जुळत नाहीत.

कापरेषेच्या दोन्ही बाजूंचे दोन-दोन स्लीपर काढा. तिथे प्रत्येक रुळाखाली पाऊण इंची पितळी स्क्रू इतकाच पिळा, की त्याचं डोकं रुळाच्या तळाला जेमतेम टेकेल. वर ढकललं तर रुळाला कुबड येतं. मग ६० वॅटच्या सोल्डरिंग आयर्नने रूळ स्क्रूला डाग द्या (सोल्डर करा). २५ वॅटची इथे पुरत नाही, कारण स्क्रू उष्णता ओढून घेतो आणि तेवढ्या वेळात शेजारचे प्लास्टिक स्लीपर वितळतात. त्यांच्यावर ओला कापूस ठेवा. दोन रुळांचे स्क्रू एकमेकांना टेकता कामा नयेत.

आता सगळ्यात महत्त्वाचं. कापण्याआधी खालून कापरेषेच्या दोन्ही बाजूंना प्लायच्या चार इंची उभ्या पट्ट्या लावा, मध्ये ३ मिमी हार्डबोर्डचा तुकडा ठेवून. तिन्हींमधून एकदम ८ मिमीची दोन भोकं पाडा. मग हार्डबोर्ड काढा, कटिंग डिस्कने रूळ कापा आणि त्या ३ मिमी फटीतून जिगसॉ चालवा. नंतर जोडताना हार्डबोर्ड परत मध्ये घालून बोल्ट आवळायचे. तो विसरलात तर दोन्ही बाजू ३ मिमी जवळ येतात, रुळात मात्र फट जेमतेम १ मिमीची असते. रूळ एकमेकांवर चढतात आणि डाग उखडतात.

प्लास्टर जिगसॉने कापू नका, मोठे टवके उडतात. हॅकसॉच्या नुसत्या पात्याने आधी बोटभर रुंद पट्टी काढून टाका. स्क्रू लपलेत का ते चुंबक फिरवून बघा. आणि प्लास्टर कापण्याआधी इंजिनं, डबे सगळे दुसऱ्या खोलीत. ती धूळ गिअरमध्ये गेली की पॉलिश पेपरचं काम करते.

सोल्डरवाली

वरच्याशी सहमत, पण माझ्या मते करवतीच्या आधी संगणक.

काकांच्या इंजिनांचे पत्ते (डीसीसीतले नंबर) लिहिलेली वही सापडली नाही तर कुणीतरी नक्की सुचवेल, की रीसेट करा, सीव्ही (सेटिंगचा कप्पा) ८ मध्ये ८ भरा, सगळी ३ नंबरवर येतील. असं अजिबात करू नका. बहुतेक डीकोडर (इंजिनातल्या हुकूम समजणाऱ्या चिप) त्याने कारखान्यातल्या स्थितीला जातात आणि काकांनी जमवलेलं सगळं पुसलं जातं. सीव्ही ३ आणि ४ मधला वेग घेण्याचा आणि सोडण्याचा ठहराव, सीव्ही ६७ ते ९४ मधली वेगाची वक्ररेषा, सगळं. त्यांचा बँकर (घाटात मागून ढकलणारं इंजिन) पुढच्या इंजिनाशी ज्या शांतपणे जुळायचा, तो या आकड्यांमुळे. रंगकाम दुसरा कुणी करू शकेल, हे आकडे परत मिळणार नाहीत. आठवण ठेवायची तर आधी ही ठेवा.

जेएमआरआय या मॉडेल-रेल्वे सॉफ्टवेअरमधलं डीकोडरप्रो घ्या, एकेक इंजिन प्रोग्रामिंग रुळावर ठेवा, सगळे सीव्ही वाचा आणि रोस्टरमध्ये (इंजिनांच्या नोंदींत) जतन करा. सीव्ही २९ बघितल्याशिवाय पत्त्यावर विश्वास नको. त्यातला लांब पत्त्याचा बिट चालू असेल तर खरा पत्ता सीव्ही १७ आणि १८ मध्ये असतो, सीव्ही १ मध्ये नाही. वाचताना ‘प्रतिसाद नाही’ आलं तर दहातल्या नऊ वेळा चाकं मळलेली असतात. काकांच्या संगणकावर जुना रोस्टर असणारच, त्यामुळे तो फॉरमॅट होण्याआधी ते फोल्डर दोन पेनड्राइव्हवर उतरवा. भाच्यापुतण्यांना संगणक ‘साफ’ करण्याची फार घाई असते.

बंद पडून असलेली इंजिनं थेट चालवू नका. आधी थ्रॉटलमधले (हातातल्या कंट्रोलरमधले) सेल काढा, ते गळतात. चाकं आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. जुन्या इंजिनांचं ग्रीस मेणासारखं घट्ट झालेलं असतं, ते काढून प्लास्टिकला चालणारं हलकं तेल सुईच्या टोकाएवढं द्या. ट्रॅक्शन टायर (चाकांवरची रबरी कडी) कडक झाले असतील तर बदला, नाहीतर चढावर इंजिन जागच्या जागी फिरेल. जुन्या ओतीव जस्ताच्या चॅसिसला फुगवटा किंवा केसासारख्या भेगा दिसल्या तर ते इंजिन चालवायचंच नाही, शोकेसमध्ये.

बांधताना बबलरॅप थेट रंगावर नको, फोडांचे ठसे उमटतात. आधी मऊ टिश्यू, मग फोम. पावसाळा संपेपर्यंत प्रत्येक खोक्यात सिलिका जेलच्या पुड्या.

कापलेल्या तुकड्याला स्वतंत्र बस (विजेची मुख्य वायर) द्या, १.५ चौरस मिमी तांब्याची, आणि रुळाच्या प्रत्येक तुकड्याला वेगळा फीडर, म्हणजे बसपासून रुळापर्यंतची वायर. रूळजोडणीच्या पट्टीवर वीज सोडून देऊ नका, ती काळी पडते. शेवटी नाण्याची चाचणी: रुळांवर कुठेही नाणं आडवं टाकलं की बूस्टर (रुळांना वीज पुरवणारा) लगेच ट्रिप झाला पाहिजे. जिथे होत नाही तिथे वायर बारीक आहे किंवा डाग कच्चा.

देवळाली_आउटर

दोघांनाही धन्यवाद. बोगद्याचाच तुकडा घेऊ. पण एक अडचण: बोगद्यावरचा डोंगर एकसंध आहे आणि कापरेषा त्याच्या मधून जाते. आणि नावाचं काय? एकाने सुचवलंय की इगतपुरीच्या पाटीवर काकांचं नाव टाकावं.

घाटबँकर

डोंगर वेगळा उचला. बोगद्याच्या तोंडापासून वीतभर आत, जाळीच्या कडेने कापून तो टोपणासारखा काढता येईल असा करा. नाहीतरी आत डबा उतरला तर हात घालायला वाट लागतेच. सांध्यावर झुडपं लावली की फट दिसत नाही.

खेकडा४५०२

इगतपुरीच्या पाटीला हात लावू नका. काकांना एखाद्या डब्यावरचा चुकीचा डेपो-कोडही चालत नसे, त्यांच्या घाटात खोटं स्टेशन कसं चालेल? पिवळ्या पाटीवर काळी अक्षरं, मराठी, हिंदी, इंग्रजी आणि समुद्रसपाटीपासूनची उंची, हे जसं आहे तसंच राहू द्या.

नाव द्यायचं तर खेकड्याला द्या. त्याला खऱ्या रेल्वेतच आधार आहे. जीआयपीच्या (ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेच्या) या मालगाडी-इंजिनांपैकी, म्हणजे ईएफ/१, पुढे डब्ल्यूसीजी-१, ४५०२ नंबरच्या इंजिनावर ‘सर लेस्ली विल्सन’ नाव आहे आणि ते दिल्लीच्या राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयात उभं आहे. प्रवासी इंजिनांतही ४००६ वर ‘सर रॉजर लम्ली’ आहे. म्हणजे पितळी नावपट्टी या घराण्याला शोभते. सातपूर किंवा अंबड एमआयडीसीत लेझरवाल्याकडून ०.२ मिमी पितळी पत्र्यावर कोरून घ्या. खरी पट्टी दीड मीटर धरली तर एचओत सव्वासतरा मिमी. अक्षराची उंची १.५ मिमीखाली नेलीत तर देवनागरीच्या मात्रा आणि वेलांट्या भरून जातात, म्हणून नुसतं आडनाव. चिकटवायला सायनोॲक्रिलेट (फेविक्विकसारखं) नको, त्याच्या वाफेने भोवतीचा रंग पांढरट होतो. कॅनोपी ग्लूसारखा पाण्यात धुता येणारा गोंद वापरा. उद्या कुटुंबाला पट्टी परत हवी झाली तर रंग न उखडता निघते.

जमल्यावर गाडी चालवायची तर नीट चालवा. घाट चढणारी गाडी मुंबईपासून दूर जाते, म्हणजे डाउन. १२१०९ पंचवटी लावा, १२११० नव्हे. ते चुकलं तर काका वरून खाकरतील.

मागे बँकर लावून ढकलणार असाल तर डब्यांचं वजन आधी तपासा. आयसीएफ (चेन्नईच्या कारखान्याच्या नमुन्याचा) डबा एचओत साधारण २४५ मिमी. एनएमआरए या अमेरिकन मॉडेल-रेल्वे संघटनेच्या शिफारशीप्रमाणे, म्हणजे १ औंस अधिक दर इंचाला अर्धा औंस, तो १६५ ग्रॅमच्या आसपास बसतो. मधला एखादा डबा १०० ग्रॅमचा राहिला तर दोन्हीकडून दाबला जाऊन वक्रावर बाहेर उडतो. कपलर (डबे जोडणारे आकडे) बोगीवर, म्हणजे चाकांच्या फिरत्या चौकटीवर, नको, डब्याच्या तळाला हवेत, कारण ढकलताना बोगीवरचा कपलर बोगीलाच तिरकं करतो. आणि बँकर पुढच्या इंजिनापेक्षा किंचित हळू ठेवा. पुढच्या निम्म्या गाडीचे कपलर ताणलेले दिसले की जुळलं समजा. चढाचा हिशेब करताना वक्राचा बोजा धरा: एचओत ३२ ला इंचातल्या त्रिज्येने भागा, तेवढे टक्के चढात मिळवा. २४ इंची वक्र आणि १:३७ म्हणजे जवळजवळ ४ टक्के. एका इंजिनाला आठ डबे झेपले नाहीत तर इंजिनात बिघाड शोधत बसू नका.

मेनरोड_ट्राम

नावपट्टी छान, पण मला अर्धवट राहिलेला ट्रामचा डायोरामा पुरा करणं जास्त योग्य वाटतं. मेन रोडवरच्या जुन्या पालिकेपासून नाशिकरोडपर्यंतची ती १८८९ची ट्राम, आधी घोड्यांची. आज गावात तिची खूणही दिसत नाही. अडीच फुटी गेज (दोन रुळांमधलं अंतर), म्हणजे एचओत ९ मिमी, एन या लहान स्केलचा रूळ थेट चालतो, फक्त स्लीपर जवळजवळ असतात ते एकाआड एक काढून उरलेले सरकवावे लागतात. वाचनालयात किंवा शाळेत ठेवता येईल, कुणाच्या घराची जागा अडणार नाही.

खेकडा४५०२

पुरा करा, पण काकांनी केलेला भाग पुन्हा रंगवू नका. त्यांचं कुठे संपतं आणि तुमचं कुठे सुरू होतं ते मागच्या बाजूला पेन्सिलने लिहा. त्यांची मापं लिहिलेली कागदं ६०० डीपीआयने स्कॅन करा, शेजारी पट्टी ठेवून. नाहीतर प्रिंट काढताना माप बदलतं आणि कुणाला कळतही नाही.

सोल्डरवाली

एक नाजूक गोष्ट, कुणाचं नाव न घेता. यादी पुरी होईपर्यंत ‘आठवण म्हणून एक डबा नेतो’ कुणीही म्हणू नये. फोटो, नंबर, चालतं की नाही, आणि मालक, असे चार रकाने. मालकाचा रकाना गरजेचा, कारण काकांकडे दुरुस्तीला आलेली दुसऱ्यांची इंजिनंही आहेत आणि त्यांची काही दुसऱ्यांकडे. यादी दोघांनी मिळून करायची, एक प्रत काकूंकडे. किमतीचा रकाना त्यांनी मागितला तरच. आणि चालू लेआउट एकदा त्यांना आणि मुलाला दाखवा, तोही करवतीच्या आधी.

देवळाली_आउटर

ठरलं. येत्या रविवारी फक्त यादी, फोटो आणि रोस्टर. मुलगा आल्यावर गाडी चालवू, कापाकापी त्यानंतर. काकूंना तेवढी मुदत मान्य आहे. ट्रामचं मेनरोड_ट्राम बघतील. छोटा हत्ती सांगून ठेवू का?

घाटबँकर

सांगा, पण तुकडा उभा करून नेऊ नका. उभा केला की प्लास्टर स्वतःच्या वजनाने जाळीवरून सुटतं. हौद्यात जुनी गादी, तिच्यावर तुकडा आडवा, वर काही नाही. दोरी प्लायच्या चौकटीवरून घ्या, डोंगरावरून नाही. कॅच सायडिंगचा पॉइंट-मोटर खाली लोंबतो, तो आधीच काढून ठेवा; चौकटीच्या खाली आला तर पहिल्याच गतिरोधकाला तुटेल.